मीडियास्टिनम पाठ आहे, तरी व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) अडतं? या चुका टाळा

"मीडियास्टिनममध्ये काय काय असतं?" असं विचारलं की फर्स्ट इयरची मुलं घडाघडा म्हणून दाखवतात: थायमस (लहानपणी मोठी असणारी ग्रंथी), ट्रॅकिया (श्वासनलिका), इसोफॅगस (अन्ननलिका), एऑर्टा (महाधमनी)… "बरं, यातलं इसोफॅगस दाखव" म्हटलं की फोर्सेप्सचं टोक ट्रॅकियावर जाऊन टेकतं. यादी पाठ असते, जागा बघितलेली नसते. डिसेक्शन हॉलमध्ये दिसणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

मीडियास्टिनम म्हणजे दोन फुप्फुसांच्या मधला बोळ. पुढे स्टर्नम (छातीचं मधलं हाड), मागे मणके, वर थोरॅसिक इनलेट (छातीचं वरचं तोंड), खाली डायफ्रॅम (श्वासपटल). बोळात काही मंडळी राहतात, काही नुसती ये-जा करतात. त्यामुळे प्रत्येक गोष्ट एकाच कप्प्यात कोंबायची सवय पहिली सोडा. एऑर्टाच बघा. असेंडिंग (वर चढणारा) भाग मिडल म्हणजे मधल्या मीडियास्टिनममध्ये, आर्च (कमान) पूर्णपणे सुपिरियर म्हणजे वरच्या कप्प्यात आणि डिसेंडिंग (खाली उतरणारा) पोस्टिरियर म्हणजे मागच्या कप्प्यात. "एऑर्टा कुठे असते?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर दिलंत की पुढचा प्रश्न अडचणीचाच येणार.

यातला सुपिरियर कप्पा खालच्यांपासून वेगळा होतो तो स्टर्नल अँगलपासून टी ४ च्या (छातीच्या चौथ्या मणक्याच्या) खालच्या कडेपर्यंत जाणाऱ्या प्रतलामुळे. हा अँगल आत्ताच स्वतःच्या छातीवर शोधा. गळ्याखालच्या खाचेतून बोट साधारण ५ सेंमी खाली सरकवा, आडवा उंचवटा लागेल. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी. आर्च इथेच सुरू होते आणि इथेच संपते, ट्रॅकियाही इथेच दुभागते. मात्र ही पातळी टेबलावर आडव्या झोपवलेल्या बॉडीची. जिवंत माणूस उभा राहून खोल श्वास घेतो तेव्हा ट्रॅकियाचा दुभाग टी ६ पर्यंत उतरू शकतो. उभ्याने काढलेला एक्स-रे हातात घेऊन "हे पुस्तकाशी जुळत नाही" म्हणणाऱ्यांची गल्लत इथे होते.

हृदय "डावीकडे" असतं हे शाळेतलं उत्तर. साधारण एक तृतीयांश भाग मध्यरेषेच्या उजवीकडे असतो.

आता नर्व्ह. सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. लंग रूटच्या (फुप्फुसात नळ्या शिरतात त्या जागेच्या) पुढून फ्रेनिक नर्व्ह, मागून व्हेगस नर्व्ह. हे लक्षात ठेवायला निमॉनिक शोधत बसू नका. नर्व्हला जायचंय कुठे ते विचारा. फ्रेनिक पेरिकार्डियमच्या (हृदयाभोवतीच्या पिशवीच्या) कडेने डायफ्रॅमकडे निघालेली, म्हणून पुढे. व्हेगसला इसोफॅगस गाठायचंय आणि ते मागे आहे.

रिकरंट लॅरिंजियलच्या (व्हेगसपासून निघून परत वर स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नर्व्हच्या) बाबतीत मुलं दोन्ही बाजू सारख्या धरतात. डावी एऑर्टाच्या आर्चखालून, लिगामेंटम आर्टेरिओसमला (एऑर्टा आणि फुप्फुसाच्या धमनीमधल्या दोरीसारख्या बंधाला) लागून वळते. उजवी मानेच्या मुळाशी, सबक्लेव्हियन धमनीखालूनच परत फिरते. छातीत उतरतच नाही. गर्भात दोन्हीकडे धमन्यांच्या कमानी (यांनाही आर्च म्हणतात) असतात; उजवीकडच्या खालच्या नाहीशा झाल्या, अडवायला काही उरलं नाही, म्हणून ती वर राहिली. डावीकडे सहावी आर्च टिकली आणि तिचंच पुढे लिगामेंटम झालं. म्हणूनच आवाज बसलेला पेशंट आला की डॉक्टर घशाबरोबर छातीचाही एक्स-रे बघतात. मायट्रल स्टेनोसिसमध्ये (हृदयाची मायट्रल झडप अरुंद झाली की) डावं एट्रियम (हृदयाचा वरचा कप्पा) फुगून आवाज घोगरा होतो, हे ऑर्टनर या डॉक्टरांनी १८९७ मध्ये नोंदवलं.

थोरॅसिक डक्ट (लसिका वाहून नेणारी मोठी नळी) "डावीकडची" आहे हाही पक्का बसलेला गैरसमज. ती टी १२ पाशी एऑर्टाबरोबर वर शिरते, अझायगस व्हेन (शीर) आणि एऑर्टाच्या मधून मध्यरेषेच्या उजवीकडूनच चढते आणि टी ५ च्या आसपास डावीकडे जाते. म्हणून खाली इजा झाली तर कायलोथोरॅक्स (छातीत या नळीतला द्रव साठणं) सहसा उजवीकडे, वर झाली तर डावीकडे. नुसतं "डावी" पाठ केलेल्याला हा प्रश्न सुटत नाही.

स्पेसिमेन कोणत्या बाजूचा आहे हेच कळत नसेल तर लंग रूटवरून कमान करून जाणारी नळी बघा. जाड भिंतीची एऑर्टा असेल तर डावी बाजू, अझायगस व्हेन असेल तर उजवी. आणि टेबलावर बॉडीकडे तोंड करून उभे असताना तिची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला असते. हे सांगायला नको, पण दरवर्षी सांगावं लागतं.

सीटी रिपोर्टमध्ये "प्रीव्हॅस्क्युलर", "व्हिसरल", "पॅराव्हर्टिब्रल" असे शब्द आले तर गोंधळू नका. ही रेडिओलॉजीची २०१४ पासूनची तीन कप्प्यांची वाटणी. तिच्यात सुपिरियर असा वेगळा कप्पाच नाही. व्हायव्हात शरीररचनेची वाटणी सांगा, रिपोर्ट वाचताना ही लावा. दोन्हींची खिचडी केली की कुठलंच उत्तर धड येत नाही.

शेवटची चूक पुढे वॉर्डात भेटेल. तान्ह्या बाळाच्या एक्स-रेवर वरच्या मीडियास्टिनमची सावली रुंद दिसली की नवशिका डॉक्टर ट्यूमरच्या विचाराने दचकतो. बहुतेक वेळा तो थायमस असतो, त्या वयात मोठाच असणारा.