ब्लेंडरमधला अडखळणारा चंद्र
ॲनिमेशन शिकायचं म्हणून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र करायला घेतला. पृथ्वीच्या मध्यावर एम्प्टी (अंतिम चित्रात न दिसणारी, नुसती आधाराची वस्तू) ठेवला, चंद्र त्याला पेरेंट केला, म्हणजे तो फिरला की चंद्रही फिरेल असा जोडला, एम्प्टी ३६० अंश फिरवला. पण दर फेरीला चंद्र हळू निघायचा, मधे धावायचा, शेवटी पुन्हा रेंगाळायचा. दोन रात्री डोकं खाल्लं त्याने! कीफ्रेमचं (आपण स्थिती ठरवून दिलेल्या फ्रेमचं) इंटरपोलेशन, म्हणजे दोन कीफ्रेममधली हालचाल भरायची पद्धत, मुळात बेझिए असतं, म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी मंदावणारं, हे तेव्हा कळलं. हालचालीचा आलेख दाखवणाऱ्या ग्राफ एडिटरमध्ये दोन्ही कीफ्रेम निवडून 'टी' दाबलं, लिनिअर, म्हणजे एकसारख्या वेगाचं, केलं. वक्र रेषा सरळ झाली. तरी फेरी संपून पुन्हा सुरू होते त्या जोडाशी बारीक झटका राहिलाच, कारण पहिली आणि शेवटची फ्रेम अगदी सारखी. शेवटची कीफ्रेम २५१ व्या फ्रेमवर नेली, ॲनिमेशनचा शेवट (एंड) २५० च ठेवला. झटका गेला. शिवाय पेरेंटिंगमुळे चंद्राची एकच बाजू कायम पृथ्वीकडे राहते, खऱ्या चंद्रासारखी. ते पाहून फार आनंद झाला.