शेअर कंटेनर की अख्खा? आधी टेप घ्या

न्हावा शेवातून माल पाठवताना शेअर कंटेनर (इतरांच्या मालासोबत) की अख्खा, हा घोळ फॉरवर्डरला, म्हणजे माल पाठवून देणाऱ्या एजंटला, फोन करण्याआधीच टेपनं सुटतो.

पॅक झालेलं खोकं मोजा. ६०×४०×४० सेंटीमीटरचं खोकं म्हणजे ०.०९६ घनमीटर, अशी १०० खोकी, ९.६ घनमीटर. शेअरमध्ये भाडं सहसा घनमीटर किंवा टन, जो आकडा मोठा त्यावर लागतं. म्हणून चपला जागेवर जातात, कोल्हापूरजवळच्या शिरोलीचं कास्टिंग (ओतीव धातूचे भाग) वजनावर. (कास्टिंगवाल्यांनी टेप सोडून थेट काट्यावर जावं.)

आकडा १३-१५ घनमीटरच्या आसपास गेला की अख्ख्या वीस फुटी कंटेनरचाही भाव मागवाच. अर्धा रिकामा गेला तरी कधीकधी तोच परवडतो.

शेअरचं भाडं फारच स्वस्त दिसलं तर तिकडच्या बंदरातले खर्च आधी लेखी घ्या. ते बहुतेकदा गिऱ्हाइकाच्या माथी बसतात.