गटप्रकल्प मिळाला? लगेच कामं वाटू नका

प्रकल्प हातात पडला की मुलं पाच मिनिटांत वाटणी करून मोकळी होतात. प्रस्तावना तुझी, आकडे तुझे, पीपीटी तिची. मी नाशिकला वाणिज्य शाखेला शिकवते. गट बसला की माझं पहिलं सांगणं एकच असतं: वाटणी थांबवा.

आधी प्रत्येकाने दुसऱ्याला न विचारता सामायिक गूगल डॉकमध्ये दोन ओळी लिहायच्या, की या कामात आपल्याकडून नेमकं काय मागितलंय. लासलगावच्या लिलावात कांद्याचा भाव कसा ठरतो, हा विषय मी एका गटाला दिला होता. एकाने लिहिलं, रोजच्या भावांचा तक्ता. दुसरीने लिहिलं, बाजार समितीचा इतिहास. निफाडकडून येणाऱ्या मुलीने मात्र ट्रॉलीतला माल पाहून व्यापारी बोली कशी लावतात, तेच मांडलं. ही तफावत सादरीकरणाच्या आदल्या रात्री कळली असती तर? फिलिप विन आणि ॲलिसन हॅडविन या शिक्षण-संशोधकांनी १९९८ साली स्वयंनियमित अभ्यासाचे, म्हणजे आपणच आखून आपणच लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासाचे, चार टप्पे मांडले, त्यांतला पहिला कामाची समज हाच आहे. ध्येय आणि नियोजन त्यानंतर, मग प्रत्यक्ष अभ्यास, मग पद्धतीत बदल.

समज जुळली की त्याच पानावर नियोजन लिहा, आणि कुठे अडेल, अडलं तर काय करायचं हेही लिहा. हे शेवटचं सगळे टाळतात. सातपूरच्या कंपनीत नोकरी करून शिकणारा मुलगा सेकंड शिफ्टला असेल, तर रात्री आठची गूगल मीट त्याच्या काय कामाची? त्याने व्हॉइस नोट पाठवायची, बाकीच्यांनी सकाळपर्यंत उत्तर द्यायचं, असं आधीच ठरवा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. फिनलंडच्या ऊलू विद्यापीठातल्या सान्ना यार्वेला अनेक वर्षं हेच अभ्यासत आहेत, की माणूस स्वतःच्या अभ्यासावर लक्ष ठेवतो तसं गटाला मिळून ठेवता येतं का. त्यांच्या मांडणीत समजेइतकंच मनःस्थितीला आणि उमेदीलाही स्थान आहे. हुशार मुलं एकत्र बसवली म्हणून गट चालत नाही, हे मी वर्गात रोज पाहते.

म्हणून बैठकीच्या सुरुवातीला व्हॉट्सॲपवर प्रत्येकाने तीन गोल टाकायचे: विषय कळतोय का, करावंसं वाटतंय का, मन कसं आहे. हिरवा, पिवळा किंवा लाल. लाल दिसला की आधी त्यावर बोला, काम नंतर. एका गटात उमेदीचे गोल लाल येऊ लागले. विचारल्यावर कळलं, एकीचा मजकूर तिला न सांगता पुसून दुसऱ्याने नवा लिहिला होता. तेव्हापासून डॉकमध्ये थेट बदल करायचा नाही, सूचना म्हणूनच टाकायचा, असा माझ्या वर्गात नियम आहे.

नियम वाढवत मात्र नेऊ नका. गटाची प्रत्येक हालचाल आखून दिली तर मोकळी चर्चाच मरते, असा इशारा गटाने मिळून शिकण्यावर संशोधन करणारे पिएर डिलेनबर्ग यांनी २००२ सालीच दिला होता. नियोजन अर्ध्या पानात बसलं पाहिजे.

काम जमा झाल्यावर पंधरा मिनिटं काढून प्रत्येकाने एकच गोष्ट लिहायची: पुढच्या वेळी मी काय वेगळं करीन. ते पान पुसू नका. पुढचा प्रकल्प आला की नवं नियोजन त्याच्याखालीच सुरू करा.