मुलासोबत भीमबेटका पाहताना

भोपाळच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरवर, विंध्य पर्वतरांगेत असलेली भीमबेटकाची शैलाश्रये, म्हणजे प्राचीन चित्रे असलेले खडकांतील नैसर्गिक निवारे, पुरातत्त्वज्ञ डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली उजेडात आणली. त्यांची संख्या सातशेहून अधिक असली, तरी पर्यटकांसाठी मोजकीच खुली आहेत, आणि लहान मुलासाठी तेवढी पुरेशी आहेत. उन्हाळ्यात खडक तापतो, म्हणून हिवाळ्यातील सकाळ निवडावी. पाणी, टोपी आणि न घसरणारे बूट घ्यावेत.

खरा धोका माथ्यावरच्या कपारींत असू शकतो. अशा कड्यांना आग्या मधमाश्यांची पोळी लटकतात. त्यामुळे अत्तर लावू नये, आरडाओरडा व धूर करू नये, आणि माश्या उठल्याच तर हात न झटकता मुलाचे तोंड व डोके कापडाने झाकून त्वरित दूर जावे. परिसर जंगलाचा असल्याने आखलेली पायवाट सोडू नये आणि कपारींत हात घालू देऊ नये.

चित्रांना स्पर्श करू नये, हे आत शिरण्यापूर्वीच सांगावे. नुसती मनाई मुलांना पटत नाही, तेव्हा प्राण्यांच्या चित्रांनी भरलेल्या खडकासमोर हत्ती, हरिणे शोधण्याचे काम त्यांना द्यावे.