पुरानंतर घरात लपलेली बुरशी : या चुका टाळा

पूर येतो जुलै-ऑगस्टात आणि महालक्ष्म्या बसतात भाद्रपदात. या दोन्हींच्या मधे जी घाई होते, तिथेच घर बिघडतं. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगा गावागावांत शिरली, जुलै २०२२ मध्ये वर्धा नदीकाठची गावं पाण्यात होती. दोन्ही वेळी मी तेच पाहिलं. गाळ काढला, फरशी धुतली, भिंत हाताला कोरडी लागली की लगेच पुट्टी आणि रंग. मी दुरुस्तीची आणि रंगाची कामं घेतो. अशा घाईच्या कामाला आता सरळ नाही म्हणतो.

भिंत वरून कोरडी लागते, आतून नसते. विटेच्या भिंतीला इंचामागे साधारण महिना असा ठोकताळा आहे. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असली तरी चार-पाच महिने धरा. उलट ओल्या कापडावर, पुठ्ठ्यावर, प्लायवर बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात. भिंत वाळायला महिने आणि बुरशीला दोन दिवस, एवढं डोक्यात असलं तर पाहुण्यांसाठी ओल झाकायची बुद्धी होणार नाही.

आणि झाकायचं सगळ्यात वाईट साधन म्हणजे पीव्हीसी पॅनल. हे खूळ आता खेड्यापाड्यांत पोचलं आहे. हिंगणघाटकडच्या एका घरात पुरानंतर हॉलच्या चारही भिंतींना पॅनल ठोकले होते, पोरीच्या साखरपुड्यासाठी. हॉल दिसायला झकास. पुढच्या पावसाळ्यात कुबट वास सुरू झाला, म्हणून फिनाईल, अगरबत्ती, कापूर सगळं झालं. आजीची खाट त्याच भिंतीला लागून होती आणि तिचा खोकला जात नव्हता. मला बोलावलं ते उंदीर मेला असेल म्हणून. मी एक पॅनल काढू म्हटलं तर घरधनी आडवे आले, "आता कायले काढता जी, एवढा पैसा लागला नं त्याले!" शेवटी आजीच म्हणाली, "काढू दे बाप्पा." पॅनल निघाला तर मागच्या लाकडी पट्ट्या काळ्याकुट्ट, बोटाने दाबल्या तर भुगा होत होता. पुट्टीवर हिरवट-काळा थर, तोही पुराच्या खुणेच्या वर हातभर, कारण ओल भिंतीतून वर चढते. खोकला त्यामुळेच होता की नाही हे डॉक्टरने सांगायचं, पण आजीची खाट मी त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत हलवायला लावली. सगळे पॅनल काढले, प्लॅस्टर विटेपर्यंत खरवडलं आणि उन्हाळा संपेपर्यंत भिंत तशीच उघडी ठेवली. लोकांना ते बघवत नाही, पण दुसरा इलाज नाही.

वासावरून शोधताना स्वतःच्या नाकावर विसंबू नका. घरात राहणाऱ्याचं नाक त्या वासाला सरावतं. खोली रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी शेजारच्या माणसाला आत पाठवा. माहेरवाशीण पोळ्याला आली आणि दारातच "वास कायचा येऊन राह्यला?" म्हणाली, तर तिचं ऐका. मग कपाट भिंतीपासून ओढा, दिवाण उघडून खालच्या गोधड्या बाहेर काढा, देव्हाऱ्यामागे, फोटोंच्या फ्रेममागे, ओट्याखाली, फरशीवर अंथरलेल्या मॅटखाली बॅटरी तिरपी धरून बघा. ज्या खोलीत कापूस किंवा सोयाबीनची पोती भिंतीला टेकवून ठेवता, ती आधी बघा. माल भिंतीपासून हातभर दूर आणि लाकडी पाटांवर हवा.

ओल भिंतीत आहे की हवेत, हे कळायला फूटभर लांब-रुंद, जाडसर प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवतो. भिंतीकडच्या अंगाला पाणी जमलं तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या अंगाला जमलं तर हवेतली.

पांढरं दिसलं की बुरशी समजून घाबरू नका. थेंबभर पाणी टाका. विरघळलं तर लोणा, म्हणजे भिंतीतून वर आलेला क्षार, नाही विरघळलं तर बुरशीचा संशय धरा.

खोली वाळवायला पाण्यासकट कूलर लावणारे दर वर्षी भेटतात. तो हवेत ओलच वाढवतो. पंप बंद करा, टाकी रिकामी करा, ताट्या काढा आणि तोंड बाहेर करून खिडकीत ठेवा. मोटर दणकट असते, ओली हवा बाहेर फेकते. मात्र बुरशी उघडी दिसत असेल तर तिच्यावर पंखा सोडू नका, कण घरभर उडतात.

कोरड्या झाडूने बुरशी झाडू नका. एन-९५ मास्क, हातमोजे, साबणाचं पाणी, ओलं फडकं. दमेकऱ्याला त्या वेळी घराबाहेर ठेवा.

ब्लीचिंग पावडर फासली की डाग पांढरा होतो आणि लोक खूश होतात. प्लायच्या, पुठ्ठ्याच्या आत गेलेली बुरशी तशीच राहते. फुगलेला प्लाय आणि भिजलेली कापसाची गादी फेकाच. ब्लीचिंगवर फरशी धुवायचं अ‍ॅसिड तर चुकूनही टाकू नका, क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लॅस्टर करू नका, ओल आत कोंडते. मी तिथे चुनाच लावतो. चुन्यातून भिंत वाळते आणि ताज्या चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही.

फेकाफेक करण्याआधी तलाठ्याचा पंचनामा होऊ द्या, आणि प्रत्येक भिंतीचा फोटो पुराची खूण दिसेल असा काढून ठेवा.