रब्बी ज्वारीची पाखरे कशी राखावीत

ज्वारी पोटरीत, म्हणजे कणीस पानाच्या आवरणात असेपर्यंत पाखरे तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. कणीस निसवून दाण्यात चीक भरू लागला की त्यांची वर्दळ सुरू होते आणि दाणा टणक होईपर्यंत चालते. म्हणजे खरी राखण तीन-चार आठवड्यांचीच. त्यातही दिवस उगवल्यापासूनचे दोन-तीन तास आणि मावळतीआधीचे दोन तास महत्त्वाचे. भर दुपारी पाखरे झाडांवर विसावतात. दिवसभर उन्हात बसून माणूस दमतो आणि नेमका संध्याकाळी घरी जातो, तिथे घात होतो.

सुरुवात पेरणीपासूनच करा. शेजाऱ्यांशी बोलून एकाच आठवड्यात पेरणी उरका. एकट्याचेच रान आधी हुरड्यावर आले तर शिवारातली सगळी पाखरे त्याच्यावर तुटून पडतात. सारा पट्टा एकदम निसवला तर नुकसान वाटले जाते. बाभळीखालचा, विजेच्या तारांजवळचा तुकडा नेहमी जास्त मार खातो. जमलेच तर तिथे ज्वारीऐवजी करडई किंवा हरभरा घ्या.

मग पाखरू ओळखा. चिमण्या आणि सुगरणी बांधाकडच्या ओळींवर बसून दुधाळ दाणे टिपतात. राघू खातो थोडे, पाडतो फार. सगळ्यात अवघड भोरड्या: गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या, मध्य आशियातून हिवाळ्यासाठी येणाऱ्या. शेकड्यांनी उतरतात. हेच पाखरू नाकतोडे आणि अळ्याही फस्त करते, म्हणून त्यांच्यावर धड रागावताही येत नाही. भोरड्यांचा पहिला थवा बसू द्यायचा नाही, कारण तो बसलेला बघून मागचे उतरतात.

त्यासाठी माळा, म्हणजे वर बसून राखण करायचा लाकडी मचाण, लागतो. मालदांडी जातीची ज्वारी डोक्याच्या वर जाते, तेव्हा माळा आठ-नऊ फूट उंच आणि रानाच्या मधोमध बांधा. कणसांवरून चारही बांध दिसले पाहिजेत. पायऱ्या आणि खांब पक्के करा. दिवस उगवायच्या आत वर चढा. गोफणीत दगडाऐवजी उन्हात वाळवलेला मातीचा गुंडा घाला, नाहीतर कणसे मोडतात आणि कोणाचे डोकेही फुटते. पाखरावर नेम धरू नका. येणाऱ्या थव्याच्या पुढ्यात, मोकळ्या रानाकडे फेका. बऱ्याचदा गुंड्याशिवाय नुसता गोफणीचा फटकाराही पुरतो. पाखरे शेजाऱ्याच्या रानात हाकली तर संध्याकाळी भांडण ठरलेले!

माणूस नसेल तेव्हासाठी लाल-चंदेरी चमकपट्टी. चार-पाच मीटरवर खुंट रोवून, कणसांच्या फूटभर वर, दोन-चार पीळ देऊन ती ताणा. पीळ दिला नाही तर ती वाऱ्यावर नीट फडफडतही नाही, चमकतही नाही. ढगाळ किंवा निवांत हवेत तिचा उपयोग कमी. चीक भरायच्या आधी लावलीत तर पाखरे तिला सरावतील. बुजगावण्याचेही तेच: दोन दिवसांआड जागा आणि सदरा बदला. एक दिवस पत्र्याचा डबा, दुसऱ्या दिवशी हाकारे, मग पट्टी असा फेरपालट ठेवा.

बियाण्यासाठी राखलेली निवडक कणसे पातळ कापडाच्या पिशवीत बांधा. जाळे टाकायचे तर ताणून बांधा; ढिल्या जाळ्यात पाखरे अडकून मरतात.

विषारी दाणे मात्र टाकू नका. कोंबड्या, कुत्री, घारी सगळ्यांचाच त्यात जीव जातो. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आहे. मोर तर त्याच्या पहिल्याच अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे.

शेवटची राखण म्हणजे वेळेवर काढणी. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा भरून झाला. त्यानंतर मजूर मिळत नाहीत म्हणून पीक उभे राहिले, तर रोजची भर पाखरांच्या पोटात. खुडलेली कणसे खळ्यावर पसरली की संध्याकाळी ताडपत्री ओढा. तिथेही चिमण्या वाट बघतच असतात.