कैफियतीची मुदत हुकते कुठे? दिवाणी दाव्यात या चुका टाळा

दिवाणी दाव्याचं समन्स हातात पडलं की बहुतेक प्रतिवादी त्यावरची कोर्टाची तारीख बघतात आणि तोवर निर्धास्त राहतात. मुदत मात्र समन्स बजावल्यापासून मोजली जाते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 8, नियम 1 प्रमाणे कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, 30 दिवसांत द्यायची. कारणं लेखी नोंदवून कोर्ट बजावणीपासून एकूण 90 दिवसांपर्यंत मुभा देऊ शकतं. बजावणीचा दिवस धरायचा नाही, आणि शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं. समन्स घेऊन येणाऱ्या कोर्टाच्या बेलिफासमोर सही करताना खाली तारीख घालाच.

‘निशाणी 5 ला म्हणणं दिलंय, कैफियत नंतर बघू’ ही चूक तर सर्रास होते. निशाणी 5 म्हणजे वादीचा तात्पुरत्या मनाईचा अर्ज; त्यावरचं म्हणणं आपोआप कैफियत ठरत नाही. तेच कैफियत म्हणून वाचावं असं वाटत असेल, तर तशी पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) मुदतीतच द्या.

मुदत संपली की ‘नो डब्ल्यूएस’, म्हणजे कैफियतीविना दावा पुढे चालवण्याचा, आदेश होतो. साध्या दाव्यात तो रद्द करून घेता येतो, कारण 90 दिवसांची मर्यादा अगदीच न ओलांडण्यासारखी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये कैलाश विरुद्ध नन्हकू प्रकरणात म्हटलं आहे. पण सवलत अपवादात्मक आहे. ‘वकील आजारी होते’ एवढ्या एका ओळीवर अर्ज टिकत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काय अडचण होती ते प्रतिज्ञापत्रावर सांगा, कागद जोडा आणि तयार कैफियत अर्जासोबतच द्या. अर्ज मंजूर झाला आणि कॉस्ट (भरायची खर्चाची रक्कम) बसली, तर ती दिलेल्या मुदतीतच भरा.

व्यापारी (कमर्शियल कोर्ट्स कायद्याखालच्या) दाव्यात हा रस्ता बंद आहे. तिथे 120 दिवस उलटले की कैफियतीचा हक्कच जातो; सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या चमणकर निकालाने ते पक्कं केलं. वादपत्र (वादीने दाखल केलेला लेखी दावा) फेटाळण्याचा अर्ज प्रलंबित आहे म्हणून थांबणं तिथे फार महागात पडतं.

वेळेत दिलेली कैफियतही मोघम असेल तर घात करते. ‘वादीचा सर्व मजकूर खोटा आहे’ एवढं पुरत नाही. वादपत्राच्या प्रत्येक कलमाला (परिच्छेदाला) स्वतंत्र उत्तर द्या. जे नेमकं नाकारलं नाही, ते कबूल धरलं जाऊ शकतं.

कैफियतीत बदल करण्याचा दुरुस्ती अर्ज मंजूर झाल्यावरही गाफील राहू नका. आदेशात मुदत नसेल तर 14 दिवसांत दुरुस्ती प्रत्यक्ष करावी लागते. ते दिवस गेले, तर कोर्टाने मुदत वाढवल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही.